चार बोटं अंतर

मी ड्रिल मशीन पिशवीतून काढलं
तेव्हा अध्यक्ष केणी काही बोलले नाहीत,
नुसते भिंतीला पाठ लावून उभे राहिले,
मूल मागे लपवावं तसे.

काम साधं होतं. तोरश्याचं देऊळ,
बाजूच्या दारापासून चौकापर्यंत सात पायऱ्या,
एका हाताला हवा, एका हाताला भिंत.
मी म्हापशाचा. फाटकं करतो, खिडक्यांचे गज,
एकदा एका होडीची शिडी केली होती.
चार ब्रॅकेट, आठ भोकं, दहा मिलिमीटर,
आणि जेवायला घरी:
असा माझा हिशेब.

भिंत मी पाहिली होती, म्हणजे
बोटांनी ठोकून. पोकळ वाजते का, एवढंच.
रुझारने बॅटरी तिरकी धरली
आणि म्हणाला, "पात्रांव, हांगा मोर आसा."

होता.
शिंपल्यांचा चुना, त्यावर लाल काव,
आणि ओली असतानाच ती काव
कुणीतरी सळईच्या टोकाने खरवडून
आतलं पांढरं वर आणलेलं, पिसापिसाने.
पिसाऱ्याच्या बरोबर मध्ये एक टोचा,
कर्काटक टेकवल्याचा.
करणाऱ्याने सबंध भिंतीत मारलेलं
एकुलतं एक भोक, तिळाएवढं.
मी माझ्या बिटाकडे पाहिलं
आणि ते खिशात टाकलं.

पण मोराला मान नव्हती.
मान नव्हती, पुढच्या वेलीला फुलं नव्हती,
कमरेच्या उंचीवरून एक मळकट, तेलकट पट्टा
पायऱ्यांबरोबर चढत गेलेला.
ओल आलीय का, मी विचारलं.

"ओल नव्हे, मी," मागून आवाज आला.
नार्वेकरबाई. शाळेतून निवृत्त,
डाव्या पायात लहानपणापासून कॅलिपर.
त्यांनी चढून दाखवलं:
उजवा पाय वर, तळवा भिंतीवर,
मग लोखंड खडखडत मागून.
"बेचाळीस वर्षं, दर सोमवारी.
मोर मीच खाल्ला, थोडा थोडा."
केणी म्हणाले, बाई, तुम्ही एकट्या कुठे,
माझी आईसुद्धा.
आणि पाठ भिंतीपासून जरा सुटी केली.

मग मी उकिडवा बसलो आणि पायऱ्या वाचल्या.
चिरा जुना, पण सांध्यांत सिमेंट,
कुठल्याशा दुरुस्तीत घाईने थापलेलं,
राखाडी, कुणाचंच नसलेलं.
त्याला भोक पाडलं तर
रडणारं कोणी नाही.
चार खांब तिथे रोवले, तळाशी शिशाच्या चकत्या,
वर नळी, मुठीत मावेल एवढी,
शेवटच्या पायरीच्याही पुढे वीतभर,
कारण बाई म्हणाल्या, पाय संपतो तिथे
हात संपत नाही.
भिंतीपासून चार बोटं. रुझारची नव्हे,
त्याची बोटं केळ्यांएवढी; बाईंची मोजली,
आणि आतून मूठ फिरवून पाहिली,
पेरं चुन्याला लागत नाहीत ना.
तीन दिवस गेले. जेवण तिन्ही दिवस
देवळातच.

चौथ्या दिवशी बाई नळी धरून चढल्या.
कॅलिपर वाजला, पण वेगळा,
दोन पायऱ्यांमध्ये दम न घेता.
वर टेकल्या, कुणाकडे न बघता
नळीच्या पलीकडे एक बोट घातलं
जिथे मोराची मान नाही तिथे,
आणि लगेच काढून घेतलं.
केणी घंटेची दोरी तपासत होते,
बराच वेळ.

बिलावर लिहिलं: भोकं सोळा, सर्व सिमेंटात.
खजिनदाराने विचारलं, हे कशाला लिहिता?
मला नीट सांगता आलं नाही.

परतताना धारगळच्या चढावर रुझार म्हणाला,
मांय न्हाणीत दोनदा पडली.
भिंतीला एक दांडा लावून देशील?
कसली भिंत, मी विचारलं.
साधी, तो म्हणाला.
मग गाडी सपाटीला लागल्यावर,
बाहेर बघत,
"बापायन रंगयिल्ली."